खांद्यावरची बोटं

आईने फोटो सरळ केला.

चहाचा कप घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली, भिंतीसमोर थांबली, मोकळ्या हाताने फ्रेमचा खालचा कोपरा किंचित वर ढकलला आणि खुर्चीवर जाऊन बसली. एवढंच झालं. पण मला ते खटकलं, कारण फोटो सरळच होता. तो मी लावला होता, भिंतीवर पेन्सिलीची बारीक रेघ आखून, दोन खिळे ठोकून, मामाच्या मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं अॅप फ्रेमच्या डोक्यावर ठेवून. दोन खिळे अशासाठी की एका खिळ्यावरची फ्रेम कुणी दार आपटलं की फिरते. सरळ म्हणजे काय हे मला कळतं. घरात दुसऱ्या कुणाला नसेल कळत, पण कॉलेजात जाऊन मी दुसरं करते काय? आईने चहाचा घोट घेतला, मान वर करून पुन्हा भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा उठली. आता तिने दुसरा कोपरा ढकलला. दोन खिळ्यांवरच्या फ्रेमला ढकलून काही होत नाही, ती जराशी उचलली जाते आणि हात काढला की आपल्या जागी येऊन बसते. "खिळा ढिला आहे गं," आई म्हणाली. खिळा ढिला नव्हता, पण मी गप्प राहिले. माझ्या कामात चूक आहे असं कुणी म्हटलं तर मी तोंड उघडल्याशिवाय राहत नाही आणि बहुतेक वेळा जिंकते. इथे चूक आहे हे माझं मलाच कळलं होतं आणि ती नेमकी कुठे आहे ते कळत नव्हतं. असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

फोटो बाबांचा. त्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या चपला अजून दाराशीच होत्या आणि त्या कुणी उचलायच्या हे ठरत नव्हतं. फोटो कुणी करायचा हे मात्र लगेच ठरलं. "तू ते ग्राफिकचं शिकतेस ना, मग कर की," मामा म्हणाला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आणि कुठल्याही घरातली कामं वाटून द्यायला तो हजर असतो. मी ग्राफिक डिझाइन शिकते म्हणजे नक्की काय करते हे आमच्या नात्यात कुणालाच ठाऊक नाही, पण ते फुकट करून मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मामेबहिणीची लग्नपत्रिका मी केली, शेजारच्या काकूंच्या शिवणक्लासचं पत्रक मी केलं, कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराची जाहिरातसुद्धा केली, आणि ते मांजर सापडलं. आई माझ्या शिक्षणाला 'ते रंगांचं' म्हणते. बाबा 'कोर्स' म्हणायचे. कोर्स दोनच वर्षांचा आहे ह्याचं त्यांना बरं वाटायचं, कारण त्यांची गाडी शिकवायची शाळा होती आणि जो माणूस महिन्यात शिकत नाही तो वर्षातही शिकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. माझा ठामपणा त्यांच्याकडूनच आलाय असं आई म्हणते. म्हणताना तिला ते फारसं आवडलेलं नसतं.

दोन वर्षांत काय शिकवणार, असं विचारणारे पुष्कळ भेटले. पहिल्या आठवड्यात मीही तेच म्हणत होते, कारण आम्हाला नुसत्या रेघा मारायला बसवलं होतं. पट्टी नाही, खोडरबर नाही. कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकीखाली एक, सारख्या अंतरावर. मान भरून यायची, बोटाला खळगा पडायचा, आणि आपलं लक्ष कुठे भरकटलं ते रेघेवर जसंच्या तसं दिसायचं. मग काळ्या कागदाचे चौकोन आले. पांढऱ्या कागदावर एकच चौकोन ठेवायचा, पण असा की तो टेकलेला वाटेल, मग असा की तरंगणारा वाटेल, मग घसरणारा. माझा चौकोन इतका छान घसरत होता की वर्गातल्या एकाने खाली हात धरला. मग अक्षरं आली, आणि अक्षरांनी माझं वाचणं कायमचं नासवलं. आता मला शब्द आधी दिसत नाहीत, शब्दांमधल्या फटी दिसतात. बसवरची पाटी, दुकानांचे फलक, औषधाच्या पट्टीवरची नावं, सगळीकडे कुणीतरी कुणाच्या तरी फार जवळ बसलेलं असतं किंवा उगाच लांब. डॉक्टर बाबांच्या रिपोर्टांबद्दल बोलत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पाटीकडे बघत होते. पाटीवरची दोन अक्षरं एकमेकांना चिकटली होती. डॉक्टर काय म्हणाले ते मला आईने नंतर सांगितलं, कारण त्या सबंध वेळात मी मनातल्या मनात ती दोन अक्षरं वेगळी करत होते. त्या खोलीत मला दुरुस्त करता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

आमच्या मुख्य बाईंना आम्ही झाकणबाई म्हणतो. त्यांची पद्धत अशी: सगळ्यांनी आपापली कामं भिंतीवर लावायची, ज्याचं काम असेल त्याने तोंड उघडायचं नाही, आणि बाई पुढे येऊन कामावर तळहात ठेवणार. शीर्षक झाकतात, चित्र झाकतात, कोपऱ्यातली नक्षी झाकतात आणि दर वेळी वर्गाला विचारतात, "काही बिघडलं?" बिघडलं नाही तर ती गोष्ट जास्तीची. काढून टाका. माझ्या पहिल्या पोस्टरवर त्यांनी सतरा ठिकाणी हात ठेवला आणि काहीच बिघडलं नाही. शेवटी पोस्टरवर फक्त कार्यक्रमाची वेळ उरली. मी घरी येऊन रडले वगैरे नाही, रागारागाने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, पण दुसऱ्या दिवसापासून ती पद्धत माझ्या अंगात भिनली. कॅलेंडर दिसलं की त्यावर तळहात, कपाट दिसलं की त्यावर तळहात. मामा बोलायला लागला की मी मनातल्या मनात त्याच्यावर तळहात ठेवून बघते. काही बिघडत नाही.

आणि काढण्यात माझा हात धरणारं वर्गात कुणी नाही, हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही, ते सगळेच सांगतात. फोटोतली विजेची तार काढायची असो, मागून चाललेला अनोळखी माणूस असो, की शेवटच्या क्षणी मध्ये आलेली कुणाची कोपरं, फाईल माझ्याकडे येते. लोकांना वाटतं, पुसतात. पुसत नाहीत. शेजारचा तुकडा उचलून तिथे आणून ठेवायचा असतो, भिंतीचा भिंतीवर, पानांचा पानांवर, पण एकच तुकडा दोनदा वापरायचा नाही, कारण माणसाचा डोळा जुळी पटकन ओळखतो. हळूहळू शेजार त्या वस्तूवर पसरतो आणि ती दिसेनाशी होते. नाहीशी होत नाही. फाईलमध्ये ती खाली असतेच, आपल्या कामाच्या थराखाली, आणि त्या थरासमोर एक डोळ्याचं चिन्ह असतं. ते बंद केलं की ती वस्तू पुन्हा हजर. वर्गातला फाँट्या, ज्याला अक्षरांच्या वळणांपलीकडे जग नाही, त्याने सहलीच्या फोटोतून एका मुलीला काढायला सांगितलं होतं. पंधरवड्याने लाजत लाजत आला, म्हणाला परत घालतेस का? मी त्याच्यासमोर एक टिचकी मारली. तो इतका खूश झाला की जणू ती मुलगी मीच त्याला मिळवून दिली.

बाबांचा हसरा फोटो एकच होता. लायसनवर, ओळखपत्रावर, शाळेच्या परवान्यावर ते असे दिसतात की जणू समोरच्याने लाल दिवा तोडलाय. हा फोटो मी काढलेला, कोर्सला जायच्या पुष्कळ आधी, साध्या मोबाइलवर. त्या दिवशी शाळेची दुसरी गाडी आली होती. गाडीपुढे बाबा आणि दादा उभे, आणि कोपऱ्यात कचऱ्याचा डबा, कारण तेव्हा मला कोपरे दिसत नसत. दादाने बाबांच्या पाठीमागून हात टाकून त्यांचा पलीकडचा खांदा धरलाय आणि त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणतोय. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. बाबा हसतायत ते त्यावर. हात असा टाकलाय की दादाला फोटोच्या चौकटीबाहेर काढलं तरी पलीकडच्या खांद्यावर त्याची चार बोटं उरतात.

"तो हात काढ," आई म्हणाली होती. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली. मी म्हटलं, बोटं राहिली तर राहू देत, कुणाला काय कळतंय. तिने उशीचा अभ्रा झटकला. "मला कळतंय. त्या हाताचा काय उपयोग झाला? काढ म्हटलं ना."

दादा दोन वर्षं शाळेत शिकवायचा. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादाचा ब्रेक असतो. एका दुपारी दादाने तो क्षणभर उशिरा दाबला आणि शिकणारी बाई गाडीसकट खांबाला जाऊन भिडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, गाडीचा दिवा फुटला. पण बाबांनी सगळ्या शिकणाऱ्यांच्या देखत, त्या बाईच्याही देखत, दादाला सांगितलं, "उतर. उद्यापासून गाडीला शिवायचं नाही." बाबांचा राग दुसऱ्या दिवशी उतरायचा, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. दादाने उद्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्या शहरात नोकरी धरली, आधी आठवड्याला फोन यायचा, मग सणावारी, मग आईच करायची. बाबा आजारी पडल्यावर प्रत्येक फोनला "येतो" म्हणायचा. आला तो सगळं आटोपल्यावर. दाराशी बूट न काढता उभा राहिला, कुणीतरी त्याला पाणी दिलं, संध्याकाळच्या गाडीने गेला. आई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि तो मात्र सारखा माझ्याकडे बघत होता हे मला न बघताही कळत होतं. मला त्याचा राग आला होता, अजूनही आहे. राग आणि प्रेम एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतं, त्यात मला काही विशेष वाटत नाही.

तर मी हात काढला. खरं सांगायचं तर मन लावून काढला, कारण त्या दिवसांत घरात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. लोक येत, बसत, जात. मी माझ्या टेबलाशी बसून बाबांचा खांदा इतका मोठा करत होते की तो खांदा राहिला नव्हता, नुसतं कापड होतं. चौकड्यांचा शर्ट, निळ्यावर पांढऱ्या रेघा. बोटांच्या खाली त्या रेघा कशा गेल्या असतील हे ओळखायचं होतं. कापडाला पडलेली सुरकुती बोटांपाशी सुरू होत होती, ती ठेवली तर बोटं नसताना सुरकुती कशाची, म्हणून तीही काढावी लागली. अलीकडचा खांदा तर दादाच्या छातीमागे दडलेला. तो मला नव्याने घडवावा लागला. कॉलरपासून उतार किती, बाहीची शिवण कुठे, हे मी बाबांच्या कपाटातल्या त्याच शर्टाला हँगरवर टांगून पाहिलं. शर्टाला अजून त्यांचा वास होता, गाडीतल्या तापलेल्या रेक्झिनचा आणि आवळासुपारीचा. मी वडिलांना एक खांदा करून दिला असं किती जणींना म्हणता येईल? शेवटी मी बाईंची तळहाताची परीक्षा लावून पाहिली. मागे सरकले, आधीचा फोटो पडद्यावर आणला आणि दादाच्या बोटांवर तळहात ठेवला. काही बिघडलं? काही बिघडलं नव्हतं. बाबा हसत होते, मजेत उभे होते. मी खात्रीने फाईल बंद केली.

छापणाऱ्याने लॅबमधून फोटो काढून काउंटरवर ठेवला तेव्हा त्याने मान जराशी कलती करून पाहिलं होतं. मला वाटलं, चेहरा गंभीर करतोय, अशा फोटोंना लोक करतात. घरी तो भिंतीवर लागला आणि मग सुरू झालं ते सुरूच राहिलं. मामा आला, त्याने फ्रेम सरळ केली. शेजारच्या काकू साखर द्यायला आल्या, जाता जाता त्यांनी केली. मामा दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने अॅप ठेवून पाहिलं, अॅप म्हणालं सरळ आहे, तर मामा म्हणाला भिंतच वाकडी आहे. आई तर खोलीतून जाता येता करायची, आता तिच्या लक्षातही येत नसे. आणि प्रत्येक जण बघताना डोकं एका बाजूला झुकवायचा, त्याच बाजूला. मी हे टिपत होते. फ्रेम नाही, भिंत नाही, खिळे नाहीत. उरलं ते माझं काम, आणि माझ्या कामात मला चूक सापडत नव्हती. मी भिंग लावून पाहिलं. शर्टाचा एकही चौकडा चुकला नव्हता.

शेवटी मी ते कॉलेजात नेलं. छोटी प्रत काढून, दुसऱ्यांच्या पोस्टरांमध्ये भिंतीवर लावली. कुणाचा फोटो आहे हे सांगितलं नाही, आणि ज्याचं काम त्याने बोलायचं नाही ह्या नियमाचे पहिल्यांदाच मनातून आभार मानले. फाँट्याने मान कलती केली. त्याच्या शेजारचीने केली. झाकणबाई पुढे आल्या, त्यांनी आधी बाबांचा चेहरा झाकला, वर्ग म्हणाला बिघडलं. कॉलर झाकली, काही नाही. मागची करडी पार्श्वभूमी मी केलेली, तीही निमूट. मग त्यांनी तळहात पलीकडच्या खांद्यावर ठेवला, जिथे काहीच नव्हतं तिथे, आणि बाबा उभे राहिले. मला ते मागच्या रांगेतून दिसलं. बाईंचा हात खांद्यावर होता तोवर बाबा कुणावर तरी रेलले होते, आरामात, आपलं वजन दुसऱ्याला देऊन. बाईंनी हात उचलला आणि ते तिरके झाले. "इथे काय होतं?" बाईंनी भिंतीलाच विचारलं. मला बोलायची परवानगी नव्हती. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त, काय सांगू, एक तऱ्हेचा आनंद झाला होता, कारण चूक सापडली होती आणि ती किती सुंदर होती! मी बोटांवर माझा तळहात ठेवून पाहिलं होतं. हात काढला तर काय होईल हे बघायला मी तिथे हातच ठेवला होता. म्हणून बाबा पडले नव्हते. तेवढा वेळ त्यांना मी धरलं होतं.

बसमधून घरी येताना मी उभी राहिले, जागा असून. बाबा नेहमीच थोडे झुकून बसायचे, गाडीत शिकणाऱ्याच्या स्टिअरिंगकडे, एक हात मांडीवर तयार. घरी सोफ्यावरही तसेच, म्हणजे आईच्या भाषेत धंद्याची खोड. कुणी विचारलं असतं तर ती हेच म्हणाली असती आणि विषय मिटला असता. पण तो झुकाव वेगळा. गाडीत ते कुणाला टेकायचे नाहीत. पाठीचा कणा ताणून, स्वतःला स्वतःच तोलून, दुसऱ्याच्या चुकीकडे झुकलेले असत. शिकवून घरी आले की कंबर धरून बसायचे ते त्यामुळे. ह्या फोटोत ते काहीच तोलत नव्हते. दादाने त्यांना आपल्याकडे ओढलं होतं आणि त्यांनी ओढू दिलं होतं. मी हात काढला, ओढ तशीच ठेवली. ती काढायला मला कुणी शिकवलेलं नाही, आणि मला वाटतं ते कुठल्याच कोर्समध्ये नाही.

घरी येऊन मी एक प्रयत्न केला, कारण मी हट्टी आहे. बाबांना सरळ केलं. करडी पार्श्वभूमी तशीच ठेवून फक्त त्यांना थोडं फिरवलं, मान पुन्हा बसवली, खांदे एका पातळीत आणले. तांत्रिकदृष्ट्या काम झकास झालं. फक्त ते हसू कशाला आलंय ते कळेना. रांगेत उभ्या माणसाला उगाच हसू फुटावं तसं ते तोंडावर राहिलं होतं.

म्हणजे आता आईला सांगावं लागणार होतं, आणि सांगण्यासाठी जो शब्द लागत होता तो आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. बाबा न्हाणीघरात पडले होते. तिथून सगळं सुरू झालं, किंवा तिथे ते संपायला लागलं. घरात आई एकटी. मी वर्गात होते, बाईंच्या तासाला मोबाइल दाराशी ठेवावे लागतात. आईने त्यांना उठवायचा प्रयत्न केला, काखेत हात घातले, ओल्या फरशीवर तिचेही पाय सरकले. मग ती तिथेच पाण्यात बसून राहिली, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, शेजारचे काका येईपर्यंत हाका मारत. हे तिने मला एकदाच सांगितलं. तेव्हापासून घरात ग्लास 'सुटतो', पाऊस 'येतो', दर 'उतरतात'. काही पडत नाही. तिचा दादावरचा राग त्या फरशीवरचा होता, हे मला आधीही ठाऊक होतं. गप्प राहिले असते तर तिला हवं तेच भिंतीवर राहिलं असतं. आणि मग ती जन्मभर उठून उठून फ्रेम सरळ करत राहिली असती, खिळ्याला नावं ठेवत, आणि रोज दहा वेळा तिच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा. हे मी होऊ देणार नव्हते. माझं काम आहे ते, त्यात माझ्या आईला रोज असं काही दिसणार असेल तर ते काम वाईट आहे.

रविवारी सकाळी, मामा यायच्या आत, मी तिला टेबलाशी बोलावलं. ती स्टुलावर बसली, पदराने हात पुसत.

"आई, खिळा ढिला नाही."

"मग फ्रेमवाल्याने फसवलं."

"नाही. फ्रेम सरळ आहे." मी श्वास घेतला. "बाबा पडतायत."

तिचा पदर थांबला. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी तिला मारलंय. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. "हात काढला म्हणून. दादाने त्यांना धरून आपल्याकडे ओढलं होतं. ते त्याच्यावर टेकलेत. तो काढला, आता ते कशावरच टेकलेले नाहीत."

"ते तसेच बसायचे," ती हळू म्हणाली. "धंद्याची खोड ती."

"गाडीत ते टेकायचे नाहीत, आई. तुला माहीत आहे. रात्री कंबर कोण चोळून द्यायचं?"

"मग सरळ कर. तुला येतं ना सगळं? साऱ्या गावाला करून देतेस."

"केलं." मी सरळ केलेला फोटो उघडला. तिने पाहिलं आणि लगेच मान फिरवली. "हे लायसनवरचे," ती म्हणाली. "हे नकोत."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा, भांडं एकही वाजलं नाही. मी जागची हलले नाही. मला भीती वाटत होती, पण आपलं चुकतंय असं वाटत नव्हतं. भीती आणि चूक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. स्टूल पडद्याच्या आणखी जवळ ओढून घेत म्हणाली, "दाखव तो हात."

मी थरासमोरचा डोळा बंद केला. चार बोटं खांद्यावर येऊन बसली, शर्टाला सुरकुती पडली आणि बाबा रेलले. आई पडद्याकडे वाकली.

"नुसती बोटं बरी दिसत नाहीत," ती म्हणाली. "मागून कुणी पकडायला आलंय असं वाटतं."

"मग?"

"जरा सरकव."

मी चौकटीची कड धरून डावीकडे ओढली. करडी पार्श्वभूमी संपली, खरी गाडी दिसायला लागली, दादाच्या शर्टाची बाही आली, खांदा आला.

"अजून."

हनुवटी आली, ओठ, अर्धं नाक.

"अर्धं तोंड नको, चोरासारखा दिसतो. पुरता घे." मी पुरता घेतला. दादा आला, बाबांच्या कानाशी तोंड नेलेला, आणि त्याच्या मागोमाग कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा. "तो डबा तेवढा काढ," आई म्हणाली.

"डबा काढते. पण मी आत्ताच सांगून ठेवते," मी म्हटलं, "उद्या पुन्हा म्हणालीस की ह्याला काढ, तर मी काढणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घे."

पडद्याला कुणी बोट लावलेलं मला खपत नाही, वर्गात त्यावरून माझी भांडणं झाली आहेत. तिने सरळ बोट लावलं. बाबांच्या चेहऱ्यावर नाही, दादाच्याही नाही, त्या चार बोटांवर, आणि तिथेच ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या एकटीच्याने नाही उचलले गेले."